ग्रहण, विळी आणि माशाचे अंडे

वाचकहो, कुटुंबाच्या पानावर माशाचा विषय निघाला म्हणजे तो बहुधा कालवणाचा असतो. आज आम्ही ज्या माशाविषयी लिहिणार आहोत तो कालवणाच्या कामाचा नाही. वाढून वाढून तीन-चार सेंटिमीटर होतो, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या असतात आणि अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘झेब्रा’ या नावाने स्वस्तात मिळतो. नाव परदेशी असले तरी मासा आपल्याच देशाकडचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढे, डबकी, भातखाचरे हे त्याचे घर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात १८२२ साली याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी संशोधनासाठी हाच मासा निवडला आणि १९८१ साली त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ मूळचे हंगेरीचे. नाझींच्या छळापायी त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला होता. आज जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांत या माशाचे संसार चालू आहेत.

एवढा मान त्याला का मिळाला? कारण साधे आहे. याचे अंडे आईच्या पोटात वाढत नाही, पाण्यात वाढते; आणि ते काचेसारखे आरपार दिसते. माणसाचे मूल नऊ महिने अंधारात घडते. या माशाचे पिल्लू आपल्या डोळ्यांदेखत घडते.

आम्ही पडलो बी. कॉम. अर्धा जन्म जमाखर्चात गेला. परंतु आमची पुतणी प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाली आणि चोवीस तासांचा, पण दीड मिनिटात आटोपणारा असा एक चित्रपट तिने मोबाईलवर आम्हांस दाखविला. त्यानंतर महिनाभर आम्ही तिला प्रश्न विचारून पिडले. “काका, तुम्ही परीक्षेला बसणार आहात का?” असे ती शेवटी म्हणाली. परीक्षेला नव्हे, पण आमच्या वस्तीत एक प्रकरण घडले होते आणि त्यासाठी आम्हांस हे समजून घ्यावयाचे होते. ते प्रकरण पुढे येईल. आधी अंड्याकडे वळू.

अंड्यातला बलक मोहरीच्या दाण्याहून लहान, पाऊण मिलिमीटरदेखील नाही. त्या बलकावर एकच पेशी बसलेली असते. पाणी साडेअठ्ठावीस अंश ठेवले, म्हणजे आपल्याकडच्या साध्या दिवसाइतके, तर पाऊण तासात त्या एकीच्या दोन होतात. मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. तीन तासांत हजाराच्या आसपास पेशींचा एक ढीग बलकाच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो. अजून डोके नाही, शेपूट नाही, पाठ नाही, पोट नाही. चोवीस तासांनी पाहावे तर डोके आहे, डोळे आहेत, शेपटी वळवळते आहे आणि हृदय धडधडते आहे.

मधल्या तासांत हे कोणी केले?

शाळेच्या पुस्तकातले उत्तर असे की जनुकांनी केले. ते खरे आहे, पण पुरे नाही. जनुक पेशीला अमुक प्रथिन बनव असे सांगते. पण प्रथिन म्हणजे आकार नव्हे. आपल्यापैकी कितीतरी जण बिगारी, गवंडी, सेंटरिंगच्या कामावर आहेत. त्यांना हे सांगावयास नको की सिमेंट, वाळू, सळ्यांची यादी हातात आली म्हणजे इमारत उभी राहत नाही. कोणीतरी ओढावे लागते, उचलावे लागते, दाबावे लागते. भ्रूणात गवंडी बाहेरून येत नाही. पेशीच एकमेकींना ओढतात, रेटतात, चिकटतात, सोडतात. पेशींचा समूह, ज्याला ऊती म्हणतात, तो कधी पातळ होतो, कधी घट्ट. या ओढाताणीतूनच पाठ, पोट, शेपूट आकाराला येते.

हा विचार नवा नाही. जर्मनीतील विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने १८७४ सालीच मांडले होते की रबराची नळी दाबली-ओढली म्हणजे जशा घड्या पडतात तशाच घड्या भ्रूणात पडतात आणि त्यातून अवयव होतात. त्या काळचे नामांकित पंडित अर्न्स्ट हेकेल यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आम्हांस या हिसविषयी उगाच आपुलकी वाटते. पुढे १९१७ साली डार्सी थॉम्पसन यांनी वाढ आणि आकार या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही जोर होता तो बलांवर. परंतु जिवंत भ्रूणाच्या आत शिरून जोर मोजावयाचा कसा? साधन नव्हते. म्हणून हा विषय पुष्कळ वर्षे मागे पडला आणि जनुकांचा बोलबाला झाला. साधने आली ती अलीकडे, गेल्या दहा-पंधरा वर्षांत; आणि पारदर्शक अंड्याचा हा झेब्रा मासा त्या कामी फार उपयोगी पडला.

आता तास मोजत जाऊ. चार तासांच्या सुमारास पेशींची ती टोपी बलकावरून खाली पसरू लागते. पसरण्याआधी एक गंमत होते. ऑस्ट्रियातील कार्ल-फिलिप हायझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत निकोलेटा पेट्रिडू व सहकाऱ्यांनी अतिशय बारीक काचनळीने ऊती किंचित शोषून पाहिली. जी घट्ट असेल ती नळीत कमी शिरते, पातळ असेल ती भसकन शिरते. त्यांना आढळले की पसरण्याच्या वेळी मधली ऊती एकाएकी पातळ होते. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले. कारण काय? पेशी दुभंगताना गोल होते, आणि गोल होताना शेजारणींचा हात सोडते. पुष्कळ पेशी एकाच सुमारास दुभंगू लागल्या की पुष्कळ हात सुटतात.

यात एक बारकावा आहे, तो २०२१ साली त्यांनीच दाखविला. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर कार्यकर्ते हातांची साखळी करून रांग सांभाळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चार-दोन ठिकाणी हात सुटले तरी साखळी टिकते, गर्दी आवरलेली राहते. पण सुटलेल्या हातांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की गर्दी हळूहळू नव्हे, एकदम वाहू लागते. ऊतीचेही तसेच. पेशींचे आपसातले जोड एका ठरावीक हिशेबाखाली गेले की घट्टपणा थोडाथोडा कमी होत नाही, पार मोडतो. मग खालचा बलक वर फुगतो आणि पेशी त्यावरून पसरू लागतात.

पसरता पसरता त्या बलकाच्या अर्ध्यावर येतात. इथून पुढे खाली जायचे म्हणजे घेर लहान लहान होत जाणार. या कामाला तिथे एक कडे तयार असते. स्नायूत जी प्रथिने आकुंचन पावतात त्याच जातीच्या प्रथिनांचे ते कडे बलकाच्या वरच्या पापुद्र्यात असते. ते लेंग्याच्या नाडीसारखे आवळले जाते. शिवाय त्या कड्यातील द्रव्य स्वतःच वरच्या दिशेला वाहत असते, आणि बलकाशी होणाऱ्या घर्षणामुळे कडे खाली ओढले जाते. नाडीला दोन माणसे लागावीत तसा हा प्रकार, आणि तोही २०१२ साली त्याच प्रयोगशाळेने उलगडला. दहा तासांत बलक पूर्ण झाकला जातो. पिशवीचे तोंड बंद.

यानंतर शरीर लांब होऊ लागते. आमच्या मते सगळ्यात रंजक भाग हाच आहे.

गोळा लांब होतो तो कसा? भाकरीच्या पिठाचा गोळा नुसता वाढू दिला तर सगळीकडून फुगेल, लांब होणार नाही. अमेरिकेत सांता बार्बरा येथे ओत्गेर कांपास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. चुंबकाला ओढला जाईल अशा तेलाचा सूक्ष्म थेंब माशाच्या भ्रूणाच्या शेपटीत सोडला आणि बाहेरून चुंबक लावला. थेंब ताणला गेला. आजूबाजूची ऊती मऊ असेल तर तो जास्त ताणला जाणार, कडक असेल तर कमी. आणि चुंबक काढल्यावर तो पूर्ववत होतो की तसाच राहतो यावरून ऊती पातळ पदार्थासारखी वागते की घट्ट पदार्थासारखी हे कळणार. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेपटीचे अगदी टोक पातळ असते. तिथे पेशींमध्ये मोकळी जागा आहे, त्या हलतात, जागा बदलतात. टोकापासून थोडे धडाकडे आले की मोकळी जागा संपत जाते, पेशी दाटतात आणि ऊती घट्ट होते.

सकाळी कल्याणहून निघालेली लोकल आठवा. सुरुवातीला माणूस डब्यात इकडून तिकडे जाऊ शकतो. ठाणे येईपर्यंत तीच माणसे, तोच डबा, पण हात वर करायला जागा नाही. माणसे बदलली नाहीत, फक्त मोकळी जागा संपली आणि डबा घट्ट झाला. माशाच्या शेपटीत हे घडते. मागचा भाग घट्ट असल्याने तो आधार देतो, आणि नव्या पेशींची भर मऊ टोकाशीच पडत राहते. म्हणून शरीर सगळीकडून न फुगता एकाच दिशेने लांबते. पातळपणा आणि घट्टपणा या दोन्हींची गरज, आणि तीही योग्य जागी. सगळेच मऊ राहिले तर गोळा, सगळेच कडक झाले तर वाढ नाही.

या लांबणाऱ्या शरीराच्या मधोमध एक दांडा तयार होतो, त्याला पृष्ठरज्जू म्हणतात. हाडाचा मणका नंतर येतो, त्याआधी हाच कणा. यात हाड नाही, काही नाही. मग ताठपणा कोठून येतो? सायकलच्या चाकातून उत्तर मिळते. नुसती ट्यूब फुगविली तर ती वेडीवाकडी फुगते. नुसता टायर लोळागोळा होतो. ट्यूब टायरमध्ये घालून हवा भरली की चाक माणसाचे ओझे पेलते. पृष्ठरज्जूच्या आतल्या पेशींत पाण्याचे मोठाले फुगे भरतात आणि बाहेरून एक चिवट आवरण त्यांना धरून ठेवते. आतला दाब आणि बाहेरची पकड यांमुळे तो दांडा ताठ होतो व लांबतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की हे फुगे फुटके-तुटके झाले तर मासा आखूड राहतो आणि पुढे त्याच्या कण्याला बाक येतो.

आपल्या शरीरातही सुरुवातीला हाच पृष्ठरज्जू असतो. पुढे तो नाहीसा होतो, पण पुरता नाही. दोन मणक्यांमधली जी गादी, तिचा मधला मऊ गर त्याच्यापासून आलेला असतो. आमच्या वस्तीतील माथाडी बांधवांची चाळिशीत ‘गादी सरकते’, ती हीच.

दांड्याच्या दोन्ही बाजूंना आता पेशींचे ठोकळे पडू लागतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी, अशा तिसांहून अधिक जोड्या. त्यांना कायखंड म्हणतात. पुढे त्यांपासूनच पाठीचे स्नायू आणि मणके होतात. सुरुवातीला विटेसारखे असणारे हे ठोकळे काही तासांत बाणाच्या टोकासारखे दुमडतात. गृहिणींनी हे रोज पाहिले आहे: शिजलेल्या माशाच्या तुकडीचे मांस ज्या दुमडलेल्या थरांनी सुटते, ते हेच थर. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१९ साली सांगितले की शेजारच्या ऊतींशी होणारे घर्षण आणि ठोकळ्याचा स्वतःचा जोर यांमुळे ही घडी पडते. तेव्हा कालवणाचा संबंध अगदीच नाही असे नाही.

पण आमच्या कारकुनी मनाला पटले ते पुढचे. डावा आणि उजवा ठोकळा सारख्या मापाचा हवा, नाही तर पाठ एका बाजूला झुकणार. सर्वांची समजूत अशी की ठोकळे घडतानाच सारखे घडत असणार. डॉ. सुंदर नागनाथन यांनी स्वित्झर्लंडमध्ये अँड्र्यू ओट्स यांच्या प्रयोगशाळेत नीट मोजून पाहिले, तर आढळले की पुष्कळ जोड्या सुरुवातीला जुळतच नाहीत. डावा थोडा लांब, उजवा थोडा आखूड. पण तासाभरात त्या आपोआप जुळून येतात. ठोकळ्यात भर पडत नाही की घट होत नाही. लांबी कमी झाली तर रुंदी वाढते, एवढेच. हे करतो तो पृष्ठीय ताण. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल होतो, तो याच ताणाने. एकच ठोकळा बाहेर काढून बशीत ठेवला तरी तो आपला आकार सावरून घेतो. ठोकळ्याभोवती फायब्रोनेक्टिन नावाचे चिकट प्रथिन असते, त्यात बिघाड केला तर मात्र ही दुरुस्ती होत नाही. हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि डॉ. नागनाथन पुढे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

खतावणीची डावी बाजू आणि उजवी बाजू जुळली नाही म्हणून आम्ही रात्री आठ-आठपर्यंत कचेरीत बसलो आहोत. इथे हिशेबनीस नाही, तपासनीस नाही, आणि जुळणी तासाभरात. काही लोक लगेच याला चमत्कार म्हणतील. आम्हांस तो शब्द मुळीच आवडत नाही. थेंब गोल होण्याला आपण चमत्कार म्हणत नाही.

आता ते प्रकरण. आमच्या वस्तीत एक मुलगी आहे. २०२३ साली ती तेरा वर्षांची, आठवीत होती. गणवेशाचा एक खांदा वर आणि एक खाली दिसू लागला. आईने निरखून पाहिले तर पाठीचा कणा एका बाजूला वळलेला. घरात आजी आहेत, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशींनी निकाल देऊन टाकला. “पोटुशी असताना हिनं गिरान पाळलं न्हाई. विळीवर बसून वांगी चिरत व्हती. पोरीची पाठ चिरली गेली.” ते ग्रहण १५ जानेवारी २०१० चे, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचे. तेरा वर्षांपूर्वीची वांगी मावशींना आठवत होती. सर्वांत वाईट म्हणजे त्या माउलीलाही ते पटू लागले होते. मुलीला न्हाऊ घालताना ती रडे आणि मुलगी तिलाच विचारी, “आई, तू का चिरलीस गं?”

आम्ही भाषण दिले नाही. मावशींना एवढेच विचारले, “मावशी, पोर पाचवीत होती तेव्हा पाठ कशी होती?”

“सरळ व्हती की.”

“मग गिऱ्हाणाला पोचायला दहा-बारा वर्षं कशी लागली?”

मावशी गप्प बसल्या. पटले असे नव्हे, पण गप्प बसल्या. त्या दिवशी त्याच आकाशाखाली लाखो गरोदर बाया होत्या. धुणीभांडी करणारीला, शेतात खुरपणारीला, भाजी विकणारीला ग्रहण पाळायला पगारी सुटी कोण देतो? विळी, सुरी, कोयता त्या सगळ्यांच्याच हातात होता.

वाढीच्या वयात कणा असा बाजूला वळण्याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना तो कमीअधिक असतो, आणि मोठा बाक मुलींत जास्त आढळतो. बहुतेकांत अमुकच एक कारण असे दाखविता येत नाही. इथेही आमचा मासा कामास येतो. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पोकळीत एक पाणी असते. तिथल्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्म धागे असतात, ते वल्ह्यासारखे हलून ते पाणी वाहते ठेवतात. २०१६ साली संशोधकांनी दाखविले की ज्या झेब्रा माशांत हे धागे नीट हलत नाहीत, त्यांचा कणा वाढीच्या वयात पिळवटतो. आणखी असे की बाक सुरू झाल्यावर धाग्यांची हालचाल पुन्हा चालू केली तर बाक पुढे वाढत नाही. २०१८ साली पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी त्या पोकळीतून जाणाऱ्या एका बारीक प्रथिनधाग्याचे काम दाखविले. बलकाभोवती वाकलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी सरळ होते. तो धागा नसेल तर ते सरळ होत नाही, वाकडेच राहते. म्हणजे सरळ पाठ ही एकदा घडवून ठेवलेली वस्तू नाही. पाणी, धागे, दाब, ताण यांनी ती पुढेही रोज सावरली जाते, आणि यांपैकी कशात तरी कमी-जास्त झाले की कलते. माशात सापडले ते सारेच्या सारे माणसाला लागू होते असे कोणी म्हणत नाही. पण वांगी चिरण्याचा त्या यादीत कोठेही पत्ता नाही, एवढे आम्ही त्या माउलीला छातीठोकपणे सांगितले.

ते सांगताना आम्ही पुतणीला बरोबर नेले होते. तिने मोबाईलवर तो दीड मिनिटांचा चित्रपट मावशींना दाखविला. मावशींनी तो तीनदा पाहिला आणि विचारले, “ह्यो मासा अंड्यात असताना गिरान लागलं तर?” पुतणी म्हणाली, “आजी, मासा पाण्यात पोहत असतो. त्याला काय माहीत ग्रहण!” मावशी हसल्या. त्या हसल्यावर घरातले वातावरण थोडे सैल झाले.

मुलीला सरकारी रुग्णालयात नेले. क्ष-किरण चित्रावर बाक तीस अंश भरला. मूल वाढीचे असेल आणि बाक पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असेल तर पट्टा बांधतात. अमेरिका व कॅनडात झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्यात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. पट्टा न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पट्टा म्हणजे तरी काय? योग्य जागी दिलेला दाब. दिवसाचे अठरा तास तो घालावा लागतो. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत अठरा तास पट्टा घालणे म्हणजे काय, हे तो सांगणाऱ्यांनी एकदा घालून पाहावे. मुलीने भांडून, चिडून, पण घातला. आता ती दहावीत आहे आणि बाक तेवढाच आहे.

माता-भगिनींना एक सांगतो, तपासणी घरीही होते. दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकविता पुढे वाकून हात खाली सोडायला सांगावे आणि मागून पाठ पाहावी. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. मुली या वयात लाजतात, अंग झाकतात, म्हणून उशीर होतो.

गरोदरपणाच्या बाबतीतही सांभाळावयाचे असेल तर सांभाळण्यासारखे वेगळेच आहे. आपल्या भ्रूणात मेंदू आणि मज्जारज्जू तयार होताना एक सपाट पट्टी दुमडून तिच्या कडा मिटतात, करंजीच्या कडा मिटवाव्यात तशा. हे काम गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत संपते. बाईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. कड मिटली नाही तर मूल पाठीवर उघडी जखम घेऊन जन्मते. फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व आधीपासून घेतले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. ज्यांचे एक मूल असे जन्मले होते त्या मातांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले, त्यात पुढच्या मुलांतील असे प्रकार ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून मूल हवे असे ठरले की दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून गोळी सुरू करावी. ग्रहणात दार लावून बसण्यापेक्षा ही गोळी बरी.

असो. आमचा मासा अजून अंड्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी तो सरळ होतो, त्याच्या अंगावर रंगाचे ठिपके येतात, शेपटीचे झटके वाढतात. दोन-तीन दिवसांनी तो कवच फोडून बाहेर येतो, लांबी तीन-साडेतीन मिलिमीटर. पोटाशी उरलेला बलक हीच त्याची शिदोरी. पहिले काही तास तो तळाशी नाही तर भांड्याच्या कडेला पडून असतो, कारण त्याला पाण्यात तरंगता येत नाही. तरंगण्यासाठी पोटात हवेची पिशवी लागते, आणि ती सुरुवातीला रिकामी असते. आणखी एक-दोन दिवसांनी तो धडपडत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतो, तोंड बाहेर काढून हवेचा एक घोट गिळतो, पिशवी भरते आणि मग तो पोहू लागतो.